मागचा जिना

डोळे उघडायच्या आधी नाक जागं होतं. ओली फरशी, रॉकेल, कठड्यावर रांगेनं मांडलेल्या विझल्या पणत्यांमधलं करपलेलं तेल. मग नळ ऐकू येतो. चाळीचा नळ पहाटे आधी खोकतो, मग थुंकतो, मग वाहायला लागतो. आणि तो वाहायला लागेपर्यंत तिन्ही मजल्यांवरच्या कळशा खाली पोचलेल्या असतात.

तुम्ही गिरगावात आहात. साल १९३७, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, दिवाळी नुकतीच सरलेली. तुमची चटई गॅलरीत आहे, कारण आत दोन खोल्यांत सात माणसं निजली आहेत. घरच्या कर्त्या माणसाला तुम्ही काका म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू. तुम्ही 'पुण्याचे पाहुणे'. नक्की कुणाकडचे, याची चौकशी एव्हाना व्हायला हवी होती. पण काकांना वाटतं तुम्ही काकूंच्या माहेरचे, आणि काकूंना वाटतं सासरच्या बाजूचे कुणीतरी. तेवढ्यावर तुमचं निभावून जाईल.

एकच पथ्य पाळा. आज दिवसभरात 'आर्ट डेको' हा शब्द तोंडातून काढू नका. ते नाव रूढ व्हायला अजून एकतीस वर्षं आहेत. १९६८ साली बेव्हिस हिलियर या इंग्रज लेखकाचं पुस्तक आलं आणि मग ते जगभर चिकटलं. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनापासून ही लाट पसरली खरी, पण गिरगावात पॅरिसचं नाव कुणी काढत नाही. इथे म्हणतात 'मॉडर्न'. ज्यांना आवडत नाही ते म्हणतात 'आगबोटीसारखी घरं', आणि त्यांचंही अगदीच चूक नाही.

गॅलरीच्या टोकाला संडास आहेत, सगळ्या मजल्याला मिळून चार. टमरेल घेऊन तुम्ही रांगेत उभे राहता. तुमच्या पुढे काका, बगलेत वर्तमानपत्र. तेवढ्यात मागच्या अंगानं एक बाई वर येते. हातात बादली आणि खराटा, पदर नाकावर बांधलेला. रांग काही न बोलता भिंतीकडे सरकते. तीही दुसऱ्या बाजूला अंग चोरते. कुणी कुणाकडे बघत नाही. तिला नाव असणारच, पण चाळ तिला जातीच्या नावानं हाक मारते.

"आज फोर्टात जायचंय," काका सांगतात. "टाउन हॉलात आयडियल होमचं प्रदर्शन लागलंय. हिला एकदा डोळ्यांनी बघू दे, म्हणजे शिवाजी पार्कच्या ब्लॉकचा काय तो निकाल लागेल."

ब्लॉक. हा शब्द नीट ऐकून ठेवा. 'फ्लॅट' हा ओव्हल मैदानाकडच्या साहेबी वस्तीतला शब्द. मराठी माणूस चाळीतून निघतो तो ब्लॉकमध्ये जातो, आणि तांदळाच्या आधी आंबेमोहोर म्हणावं तसं ब्लॉकच्या आधी 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणतो. अर्थ एवढाच, की नळ, मोरी, संडास सगळं आपल्या दाराच्या आत. १८९६ च्या प्लेगनं मुंबईची दाणादाण उडवल्यावर दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं दादर-माटुंग्याकडे रस्ते आखले, प्लॉट पाडले, आणि आता त्या बाजूला गोल कोपऱ्यांची, लांब बाल्कन्यांची घरं उठताहेत. परळच्या ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून डॉ. आंबेडकर हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहायला गेले त्याला तीन-चार वर्षं झाली. चाळीत कुणी बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की त्यांचं नाव निघतंच. कौतुकानं निघतं की कुरकुरीनं, ते बोलणारा कोण यावर.

ट्राम धोबीतलावावरून फोर्टात शिरते. यंदाच डबलडेकर बस सुरू झाली आहे, पण काकूंना ट्रामच बरी. पडली तर जमिनीवरच पडेल, म्हणतात. फाउंटनपाशी उतरल्यावर काका तुम्हाला मुद्दाम चार पावलं वाकडं नेतात आणि न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीसमोर उभं करतात. गेल्या वर्षी पुरी झालेली. मान वर करा. कमान नाही, घुमट नाही, शेजारच्या जुन्या इमारतींसारखी दगडी पानं-फुलं नाहीत. उभ्या पट्ट्या सरळ आकाशाकडे पळतात. दारापाशी मात्र माणसं आहेत. उंच, ताठ, घड्या घातल्यासारख्या वस्त्रांची, आणि भिंतीवर शेतकरी, कारागीर, कष्टकरी बाया. नारायण गणेश पानसऱ्यांनी घडवलेली. आराखडा मास्टर, साठे आणि भुता या मंडळींचा.

"साठे आपले," काका हळूच म्हणतात.

काका स्वतः एका विमा कंपनीत कारकून आहेत, या कंपनीत नव्हे. तरी त्यांची छाती फुगते. देशी विमा कंपन्यांना या दशकात एक गोष्ट कळली आहे: लोकांनी आपले पैसे वीस-वीस वर्षं तुमच्यापाशी ठेवावेत असं वाटत असेल, तर इमारत अशी पाहिजे की ती उद्याची वाटली पाहिजे. सरकारनं गॉथिक घेतलं, संस्थानिकांनी घुमट घेतले. व्यापारी आणि विमेवाल्यांसाठी काँक्रीट उरलं, आणि ते त्यांना शोभलं.

टाउन हॉलच्या तीस पायऱ्या काकू नऊवारीचा काठ हातात धरून चढतात. वर ग्रीक देवळासारखे जाडजूड खांब, १८३३ सालचे. उद्याचं घर बघायचं ते शंभर वर्षं जुन्या, त्यातही अडीच हजार वर्षांपूर्वीचा आव आणणाऱ्या इमारतीत, ही गंमत प्रदर्शन भरवणाऱ्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या लोकांना जाणवली असेल की नाही कोण जाणे. आत गर्दी मुंग्यांच्या वारुळासारखी. पारशी कुटुंबं, गुजराती व्यापारी, जे. जे. ची पोरं वह्या काढून रेघोट्या ओढताहेत, एक-दोन साहेब. खऱ्या मापाच्या खोल्या मांडल्या आहेत: दिवाणखाना, निजायची खोली, न्हाणीघर. खुर्च्यांना हात आहेत की खुर्ची आणि हात एकच आहे ते कळत नाही. दिव्यांचे झोत छताकडे, उजेड तिथून परतून खाली येतो. काका एक बेकेलाइटचं बटण चारदा दाबून बघतात. सुतार-लोहाराच्या हातची वाटेल अशी एकही वस्तू दिसत नाही; खरं तर यातलं बरंचसं मुंबईच्याच मिस्त्री-सुतारांनी बनवलेलं आहे, फक्त त्यांनी हाताची खूण घासून घासून काढून टाकली आहे. तेवढ्याच मजुरीत.

काकू कुठे आहेत? स्वयंपाकघरात.

त्या एका ओट्यासमोर उभ्या आहेत. कमरेइतका उंच, वर गुळगुळीत दगड, एका कडेला शेगडी, दुसऱ्या कडेला कुंडी आणि वर नळ. काकूंनी दोन्ही तळवे ओट्यावर टेकले आहेत आणि ढकलून बघावं तशा त्या त्याला जरा रेटतात. आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकाची जागा त्यांच्या पोटाच्या समोर आली आहे. आजवर ती पायांपाशी होती.

"इथे उभं राहून करायचं सगळं?"

टाय लावलेला पोरगा हसतो. "हो बाई. वाकायला नको, धूर नको."

"आणि विळी?"

"विळी कशाला? सुरी."

काकू त्याच्याकडे अशा बघतात की तुम्हालाच त्या पोराची दया येते. विळीवर पाय ठेवला की दोन्ही हात मोकळे. मेथीची जुडी एका हातानं फिरवायची, दुसऱ्यानं पुढे सारायची, आणि गप्पा मारत असताना न बघता. सुरीनं एक हात कायमचा गेला. मग पाटा-वरवंटा. मग ताक घुसळणं. मग सोवळ्याची शिंकाळी. काकू एकामागून एक विचारत जातात, आणि प्रत्येक प्रश्नासरशी तो गुळगुळीत ओटा थोडा थोडा परका होत जातो.

या ओट्याची थोरली बहीण जर्मनीत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगू मात्र नका. १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईनं एक स्वयंपाकघर आखलं. साधारण दोन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब. बाईची पावलं मोजून, आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं छोटं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून. अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली, आणि पुढच्या कित्येक ओट्यांचं कूळ तिथवर पोचतं. आपण स्वतः तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं लिहोत्स्कीबाईंनीच पुढे सांगितलं. काकूंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ते दिसतंच आहे.

तरीही त्या ओट्यापासून हलत नाहीत. मोजताहेत, वितीनं. एक, दोन, अडीच. कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, वाकतात, परत उभ्या राहतात. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या बाईची पाठ रोज सहा-सात तास उकिडवी बसून काय म्हणत असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन जातं. "ओटा असू दे," त्या शेवटी म्हणतात. "विळी मी खाली बसून वापरेन."

न्हाणीघरापाशी खरी गाडी अडते. पांढऱ्या टाइल्स, साखळी ओढायचा संडास, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. काकूंचा हात आपसूक पदराकडे जातो.

"अहो, घरात? देवाच्या खोलीपासून दहा पावलांवर?"

काका घसा साफ करतात. याच एका मुद्द्यावर शिवाजी पार्क तीन महिने लटकलं आहे. टायवाला पोरगा मात्र इथे तयारीचा आहे. तो टेबलावरचा एक नकाशा ओढतो, उलटा फिरवतो, आणि इमारतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेल्या एका वर्तुळावर बोट ठेवतो. वर्तुळात पंख्याच्या पात्यांसारख्या रेघा.

"हा मागचा जिना, बाई. लोखंडी. प्रत्येक मजल्यावर संडासाला बाहेरून दार. झाडूवाली मागून येणार, मागून जाणार. घरात पाऊल नाही."

काकू वर्तुळाकडे बघतात. मग पहिल्यांदाच मान डोलावतात. "असं होय."

थांबा इथे जरा. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत मॉडर्न घराची कहाणी काँक्रीट, काच, मोकळी योजना, उजेड-वारा अशी सांगतात. मुंबईत त्या कहाणीतलं एक पान पेन्सिलीच्या या वर्तुळावर लिहिलं आहे. साखळी ओढली की मैला वाहून जातो. मग माणसानं यायचं कारण तरी काय? पण यंत्र आलं तरी माणूस सुटला नाही, त्याला फक्त वेगळा जिना मिळाला. आणि हा जिना नसता तर काकूंसारख्या हजारो घरांनी ब्लॉक घेतला असता का, मला शंका आहे.

तुम्हाला वाटतं, आपण नकाशात बघितलं ते प्रत्यक्ष बघावं. काकांच्या ओळखीचा एक मुकादम ओव्हलच्या कडेला कामावर आहे. ऊन उतरल्यावर तुम्ही तिघं तिकडे वळता.

ओव्हलच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघून घ्या. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सेक्रेटरिएट. शिखरं, कमानी, दगडी प्राणी. पश्चिमेला, मैदानाच्या पलीकडे, नव्या इमारतींची रांग, काहींच्या अंगावर अजून बांबूच्या परांच्या. आठ दशकांनी, जून २०१८ मध्ये, युनेस्को या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हणेल. आज मात्र त्या दोघी एकमेकींकडे नव्या-जुन्या जावांसारख्या बघताहेत. उत्तरेच्या कोपऱ्यावर शोराबजी भेडवारांचं 'इरॉस' जवळजवळ पुरं झालंय. येत्या फेब्रुवारीत उघडेल. त्याच्या मागून हातोड्यांचे आवाज येतात, ते ब्रेबॉर्न स्टेडियमचे. महिन्याभरात तिथे लॉर्ड टेनिसनच्या संघाशी सामना आहे, आणि लोक धावपळीत आहेत.

मुकादम तुम्हाला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नेतो. इमारतीला अजून नाव नाही. आज स्लॅब भरायचा दिवस आहे. खालून वर माणसांची साखळी, बायाच जास्त, आणि घमेली या हातातून त्या हातात. खडी, रेती, सिमेंट. गेल्याच वर्षी दहा कंपन्या मिळून एक झालेल्या असोसिएटेड सिमेंटच्या गोणी खाली रचलेल्या. एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, थांबलं तर सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. तेलुगू बोलणारे कामाठी, घाटावरचे बिगारी, एक मारवाडी गवंडी. लाकडी सेंटरिंगवर सळ्यांची जाळी अंथरलेली, तारेनं बांधलेली. बाल्कनीपाशी मुकादम वाकतो आणि तुम्हालाही वाकवतो.

"खोलीत सळई खालच्या अंगाला. इथे बाहेर, बघा, वरच्या अंगाला. का?"

तुम्ही मान हलवता.

"खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडे आधार, मध्ये पोट सुटतं, म्हणून खाली. बाल्कनीला आधार एकाच बाजूला. ती मान टाकते. वरून ओढून धरायला पाहिजे. एका पोरानं विसरून खाली टाकल्या होत्या, पलीकडच्या कामावर. फळ्या काढल्या आणि बाल्कनी खाली." तो हसत नाही. "रिकामी होती, नशीब."

या इमारती बघताना जे जे डोळ्यांत भरतं, ती कोपऱ्यावरून वळणारी बाल्कनी, खिडक्यांवरून सलग धावणारा छज्जा, म्हणजे जणू घराच्या भुवया, ते सगळं या वरच्या अंगाच्या बोटभर जाड सळईवर तोललेलं आहे. पूर्वी बाल्कनीला लाकडाचे नाहीतर लोखंडाचे हात लागायचे, खालून ब्रॅकेट लागायचे. आता भिंतीतून हात पुढे केल्यासारखी ती निघते. आणि छज्जा केवळ शोभेला नाही. पॅरिसमध्ये असा छज्जा नसतो, कारण पॅरिसवर जूनमध्ये आभाळ फाटत नाही. बाहेरची शैली आली, पण मुंबईच्या पावसानं तिच्या डोक्यावर छत्री दिली.

पलीकडची इमारत पुरी झालेली आहे. तिच्या दर्शनी बाजूनं तुम्हाला आत शिरता येत नाही. रखवालदार तिघांकडे बघतो, काकांच्या टोपीकडे जरा जास्त वेळ, आणि नाही म्हणतो. दारातून तेवढं दिसतं: पाणी सांडल्यासारखी चकचकीत टेराझोची फरशी, काळ्या-पिवळ्या पट्ट्या, लिफ्टचा जाळीचा दरवाजा, त्यावर उगवत्या सूर्याची किरणं. मुकादम डोळा मिचकावतो आणि तुम्हाला मागच्या गल्लीत घेऊन जातो.

तर हाच तो. लोखंडी, गंजापासून वाचावा म्हणून काळा रंग फासलेला, पाच मजले गिरकी घेत वर गेलेला. काका-काकू खाली थांबतात. तुम्ही चढा.

आतल्या बाजूला पायरी चार बोटांची आहे, बाहेरच्या बाजूला तुमचं पाऊल जेमतेम मावतं. मधला खांब हाताला थंड. पायऱ्यांना भोकं आहेत, त्यांतून खालची गल्ली दिसते, आणि प्रत्येक पावलाला जिना किंचित बोलतो. एका फेऱ्यात समुद्र दिसतो, एका फेऱ्यात शेजारच्या इमारतीचे ड्रेनेजचे नळ. प्रत्येक मजल्यावर हातभर जागा आणि एक अरुंद दार. दिवा नाही. दर्शनी भिंतीवर वळणावळणाच्या रेघांसाठी केवढा खर्च केलाय. या इमारतीतली सगळ्यात गोल वस्तू मात्र इथे मागे आहे, आणि तिचा फोटो कुणी काढलेला नाही. तिसऱ्या मजल्यावर तुम्हाला गरगरतं. रिकाम्या हातांनी.

खाली उतरल्यावर काकूंना वारा खायचा आहे. समुद्र पाच मिनिटांवर. चर्चगेटच्या रस्त्यानं सरळ गेलं की कोपऱ्यावर 'सूना महाल', याच वर्षीचा, गजानन बाबूराव म्हात्र्यांचा. जे. जे. त आणि मग विलायतेत शिकून आलेले म्हात्रे. दोन रस्ते मिळतात तिथे त्यांनी कोपरा कापला नाही, वळवला, आणि वर एक गोल बुरूज ठेवून दिला. समुद्राकडून येणाऱ्याला इमारत त्याच्याकडेच तोंड करून उभी आहे असं वाटतं. पुढे मरीन ड्राइव्ह. अजून बरेच प्लॉट रिकामे. जे भरलेत त्यांची उंची एकसारखी, कारण सरकारी भाडेपट्ट्याची अट तशी आहे. शिस्तीतून सौंदर्य निघालं, असं पुढे लोक म्हणतील. जमिनीची किंमत वसूल व्हावी आणि कुणी कुणाचा समुद्र अडवू नये, एवढाच त्या अटीमागचा व्यवहार असावा.

कठड्यावर बसा. डोळे मिटा, आणि पंधरा वर्षं मागे सरका.

रस्ता गेला. इमारती गेल्या. तुमच्या खाली समुद्र आहे, आणि समुद्रात चिखल ओतला जातोय. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं डेव्हलपमेंट खातं, म्हणजे बीडीडी, काढलं. बॅकबेचा १,१४५ एकर समुद्र बुजवायचा बेत. बंदरातून गाळ उपसणाऱ्या ड्रेजरला लॉइडचंच नाव दिलेलं. कांदिवलीच्या खाणीतला दगड घालून भिंत बांधली, नळांतून गाळ आत सोडला, आणि भिंतीच्या फटींतून तो परत समुद्रात निघून गेला. करदात्यांचे पैसे गाळाबरोबर वाहत होते. खुर्शेद नरिमन यांनी तो सगळा कारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. शेवटी हाती लागली ती ४३९ एकर. पुढे याच भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट म्हणतील.

आता मान उत्तरेकडे वळवा, वरळीला. तेच खातं, तीच वर्षं, तेच काँक्रीट. गिरणी कामगारांसाठी चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास सगळ्या मजल्याला मिळून. एकही नक्षी नाही, कमान नाही, सगळं सरळ रेघेत, एकासारखं एक. वास्तुकार ग्रोपिअसची जर्मनीत डेसाउला बाउहाउस या कलाशाळेची इमारत १९२६ ची. तिच्या उद्घाटनाआधीच मुंबईत काँक्रीटच्या शेकडो सारख्या खोल्या रांगेनं उभ्या होत्या. युरोपात ज्या साधेपणासाठी जाहीरनामे निघत होते, तो इथे काटकसरीपोटी आला, म्हणून त्याला कुणी शैली म्हटलं नाही. कामगारांनी बरीच वर्षं तिकडे पाठ फिरवली. भाडं परवडेना, गिरणी लांब. मग सविनय कायदेभंगात रिकाम्या चाळींचा तुरुंग केला गेला. खोल्या त्या कामालाही चालल्या, यातच काय ते आलं. मुंबईतल्या मॉडर्न घरांवर पुस्तकं निघतात त्यांत मरीन ड्राइव्ह मुखपृष्ठावर असतं. माझ्या हातात असतं तर एक तरी मुखपृष्ठ मी बीडीडी चाळींना दिलं असतं.

"पापड उडून जातील इथे," काकू म्हणतात. तुम्ही डोळे उघडता. १९३७. वारा त्यांच्या पदरात शिरलाय आणि त्या दोन्ही हातांनी तो आवरताहेत, पण हसताहेत. "शिवाजी पार्कला एवढा वारा नसेल ना हो?"

"अगं, आपला ब्लॉक मागच्या गल्लीत आहे."

"मग घेऊ."

रात्री जेवणं उरकल्यावर गॅलरीत बायका जमतात. काय पाहिलंत, सांगा की. काकू आत जातात, दिवाळीच्या उरलेल्या रांगोळीचा डबा आणतात आणि फरशीवर बसतात. चिमटीतून रेघ सुटते. ही बाहेरची खोली, हे दार. ही निजायची. हे स्वयंपाकघर, आणि हा ओटा; इथे त्या रेघ दुहेरी करतात. हे न्हाणीघर. शेवटी, घराच्या बाहेर, भिंतीला लागून, एक वर्तुळ, आत पंख्यासारख्या रेघा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला वर्तुळ सहज येतं. बायका वाकून बघतात. कुणी म्हणतं, बाल्कनी छोटी काढलीत. कुणी विचारतं, इथे शेजारी कोण? त्या प्रश्नावर काकू जरा थबकतात.

तुमची चटई रांगोळीपासून हातभर लांब पडते.

पहाटे नळ खोकतो. तुम्ही जागे होता तेव्हा खराट्याचा आवाज जवळ आलेला असतो आणि मग थांबतो. ती बाई रांगोळीपाशी उभी आहे. पुसायची की नाही, ठरत नसावं. दारात काकू, हातात कळशी.

"राहू दे ते. नंतर मी पुसेन," काकू म्हणतात. मग, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून, "आमचा नवा ब्लॉक आहे. दादरला."

बाई नाकावरचा पदर खाली करते. तिची मराठी गुजराती वळणाची आहे. घराकडे ती बघतच नाही. तिची नजर सरळ कडेच्या वर्तुळावर.

"गोल दादर ने? लोखंडाचा?" ती खराट्याच्या दांड्यानं हवेतच एक गिरकी घेते. "माझी बेन चढते असा, कुलाब्याला. पाच माळे. भरलेली बादली घेऊन लई डोका फिरते, म्हणते."

"मग?"

"मग काय. उतरताना भिंतीकडे बघायचा, खाली नाही."

ती रांगोळीला वळसा घालून पुढे जाते. काकू कळशी घेऊन जिन्याकडे निघतात, चाळीच्या रुंद, लाकडी जिन्याकडे, आणि पहिल्या पायरीवर क्षणभर थांबून कठडा धरतात.